वेताळ पेठेतला खून: दडलेल्या अद्भुत वस्तीची रहस्यकथा कशी रचावी

पुण्याच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, पेठ वाराच्या नावावर गेली, पण ज्याच्यामुळे ती वेताळाची होती तो आणि त्याचा गोतावळा कुठे गेला? मी त्यांना तिथेच राहू दिलं. जुन्या वाड्यांच्या चौकांत, कोरड्या हौदांत, पिंपळाच्या पाराशी. मग त्यांच्यातल्या एकाचा खून केला आणि कादंबरी लिहायला घेतली. तिचे तीन खर्डे झाले. पहिले दोन टाकून द्यावे लागले आणि दोन्ही वेळा चूक एकच होती: प्रेत आधी आलं, वस्तीचे नियम मागाहून. उलगड्याशी अडलो की मी एखाद्या पात्राला नवी शक्ती देऊन सुटका करून घ्यायचो. दुसरा खर्डा परत देताना मैत्रिणीने एवढंच विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

त्या प्रश्नावरून पुढच्या पायऱ्या ठरल्या. उदाहरण म्हणून तीच गोष्ट घेतो, खुन्यासकट. उलगडा लपवून रचना शिकवता येत नाही.

पहिली पायरी: नियमांची वही

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसरा असा की अलौकिक शक्तींना कथेत थारा देऊ नये. कारण रास्त आहे. खुनी भिंतीतून आरपार जात असेल तर बंद खोलीचं कोडं उरतच नाही. आपण हा नियम मोडणार आहोत, तेव्हा वाचकाला त्याची भरपाई द्यायला हवी. शक्ती असेल, पण तिची हद्द वाचकाला खुनाच्या आधी माहीत असेल.

यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. आपल्या लोकसमजुतींतली भुतं नियमांनी जखडलेलीच आहेत. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आठवा: उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. दोन वाक्यांत राजा दोन्हीकडून बांधला गेला. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज, म्हणजे मुंजीच्या ब्रह्मचर्यातून मोकळं करणारा विधी, व्हायच्या आत मेलेला मुलगा, आणि तो पिंपळाला बांधलेला. हडळीची पावलं उलटी. चकवा माणसाला त्याच त्या वाटेवर फिरवत ठेवतो, पण इजा करत नाही. राखणदार आपल्या हद्दीचा धनी, आणि त्याचा मान चुकला तर कोपतो.

वहीत प्रत्येक जातीला एक पान द्या आणि चार गोष्टी लिहा: काय करू शकतो, काय करू शकत नाही, त्याची किंमत काय, आणि हे वस्तीत कोणाकोणाला माहीत आहे. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात, पण रहस्य तिथेच घडतं. चार जाती पुरेत. मी पहिल्या खर्ड्यात गिऱ्हा, खवीस, जखीण, समंध, सगळ्यांना बोलावलं होतं. वाचकाला नावं लक्षात ठेवण्यातच दम लागला. जी जात गुन्ह्यात, तपासात किंवा दिशाभुलीत कामाला येत नाही तिला दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

लोकसमजूत गावागणिक बदलते. कोकणातल्या राखणदाराचं गाऱ्हाणं वेगळं, गोव्यातल्या देवचाराचा मान वेगळा. तुम्हाला ज्या गावचं माहीत आहे तिथलंच घ्या. मी राखणदाराला घाट चढवून पुण्यात आणला, तर त्याचंही कारण गोष्टीत दिलं: पेशवाईत कोकणातून आलेल्या एका घराण्यासोबत तो आला. समजुतीत जिथे मोकळी जागा आहे तिथे स्वतःचा नियम घाला, पण तो जुन्याच्या पोटातून निघालेला दिसावा. माझा राखणदार देहधारी आहे. रात्री तो कुठेही फिरू शकतो, पण सूर्योदयाला त्याने स्वतःच्या हद्दीत असायला हवं. नसला तर मेला. हद्द कुठली, तर हद्दीचा दगड दाखवेल ती.

दुसरी पायरी: सोपी दारं बंद करा

अद्भुत वस्तीतल्या खुनाला वाचक पहिल्या दहा पानांत एक प्रश्न विचारतो: मेलेल्याच्या भुतालाच का नाही विचारत, तुला कोणी मारलं? याचं उत्तर तयार नसेल तर एक ओळही पुढे लिहू नका. या प्रश्नाचे भाऊबंदही आहेत. मन वाचणारं कोणी नाही का? कौल लावून खुनी कळणार नाही का? भगताला बोलावलं तर?

दार बंद करताना "ते चालत नाही" एवढ्यावर भागवू नका. बंद दारातही एक फट ठेवा आणि त्या फटीतून कथा पुढे न्या. माझ्या वस्तीत राखणदार मेला की मागे भूत उरत नाही. पण दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवतो की नाही, एवढं मात्र त्याच्या हातात राहतं. म्हणजे साक्षीदार आहे, पण तो बोलू शकत नाही. दहाव्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर, फक्त हो किंवा नाही.

आपल्याकडे ज्याने दहावं पाहिलं आहे त्याला ती घालमेल समजावून सांगावी लागत नाही. कावळे झाडावर बसलेले, पिंड मांडलेला, आणि एकेक नातेवाईक पुढे होऊन हात जोडून सांगतो, "मुलीचं लग्न मी लावीन", "आईला अंतर देणार नाही". कोणाच्या तरी शब्दावर कावळा उतरतो. नाहीच उतरला तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. या विधीने मला एका फटक्यात तीन गोष्टी दिल्या: तपासाला दहा दिवसांची मुदत, सगळे संशयित एका जागी जमण्याचं कारण, आणि मेलेल्याच्या मनात काय अडकलं होतं ते कळण्याची वाट. तुमची गोष्ट दुसऱ्या समाजात घडत असेल तर त्या समाजाचे मरणानंतरचे विधी असेच बारकाईने पाहा. मुदत आणि जमाव बहुतेक विधींत सापडतो.

तिथी ठरवताना पंचांग उघडा. मी खून सर्वपित्री अमावास्येच्या रात्री घडवला. राखणदार मरतो ते प्रतिपदेच्या सूर्योदयाला, घटस्थापनेच्या दिवशी. तो पहिला दिवस धरला तर दहावा येतो दसऱ्याला, आणि दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. हद्दीच्या दगडावर उभी असलेली गोष्ट सीमोल्लंघनाच्या दिवशी सुटणार हे मला आधी सुचलं नव्हतं, पंचांगाने दिलं. एखाद्या वर्षी तिथीचा क्षय किंवा वृद्धी असते, तेव्हा वर्ष ठरवूनच दिवस मोजा.

तिसरी पायरी: खून उलटा लिहा

आता खुन्याच्या बाजूने पूर्ण हकीकत लिहून काढा, चार-पाच पानं. ही कादंबरीत जाणार नाहीत. माझी हकीकत थोडक्यात अशी.

खुनी आहे मुंजा. वस्ती त्याला बटू म्हणते. आठव्या वर्षी गेला त्याला अडीचशे वर्षं झाली. कोणी त्याची सोडमुंज लावली तर तो सुटेल, पण राखणदार ती लावू देत नाही, कारण वस्ती ज्या पिंपळाच्या सावलीत लपते ती सावली मुंज्यामुळे टिकून आहे. तो सुटला की सगळे उघडे पडणार. एका मुलाच्या अडकून राहण्यावर सगळ्यांचा निवारा उभा आहे आणि हे राखणदार आणि बटू या दोघांनाच माहीत आहे. अमावास्येच्या रात्री वेताळाच्या पालखीबरोबर राखणदार बाहेर पडतो. तेवढ्यात बटू हौदाजवळचा हद्दीचा दगड चार हात आत सरकवतो. राखणदार पहाटे परत येतो, नेहमीच्या जागी येऊन बसतो. ती जागा आता हद्दीबाहेर आहे. सूर्य उगवतो.

या पद्धतीचा फायदा पाहा. मृत्यूच्या वेळी खुनी तिथे असण्याची गरजच नाही. "पहाटे कोण कुठे होतं" हा सगळ्या तपासाचा पहिला प्रश्न इथे चुकीचा ठरतो, आणि वाचकाने तो शंभर पानं विचारत राहावा अशी आपली इच्छा आहे. अद्भुत खुनात शक्तीने मारू नका. पीडिताच्या नियमाचा फायदा घेऊन मारा. जादूचा बाण कोणालाही मारू शकतो, पण हद्दीचा दगड फक्त याच माणसाला मारतो, आणि तो नियम ज्यांना माहीत होता तेवढेच संशयित उरतात. वहीतला चौथा रकाना इथे उपयोगी पडतो.

हेतू शक्तीसाठी, सिंहासनासाठी, जगावर राज्य करण्यासाठी नको. वाड्यात माणसं ज्या कारणांनी भांडतात तीच द्या: भिंत कोणाची, भाडेकरूची खोली, बिल्डरच्या संमतीपत्रावरची सही, मानापमान, वर्षानुवर्षं न मिळालेली मोकळीक. माझ्या इतर संशयितांचे हेतू वाड्याच्या पुनर्विकासाभोवती फिरतात.

वस्ती लपते कशी, याचा हिशेब

वस्ती दोन प्रकारे लपलेली असते, जागेत आणि कागदावर.

जागेसाठी पुण्यासारखं शहर नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला गेला. वाटेत हवेसाठी उच्छ्वास, पेठांतून हौद. काळा हौद, बदामी हौद, साततोटी ही नावं अजून पत्त्यांत आहेत. ज्या शहराखालून कोणाला फारसं न दिसणारं एक जाळं जातं तिथे दडलेली वस्ती वाचकाला पटवून द्यावी लागत नाही. देवळांची नावं ऐका: खुन्या मुरलीधर, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा. ही नावं जशीच्या तशी वापरा, त्यांच्यापुढे आपण रचलेलं नाव फिकं पडतं. मात्र खऱ्या देवळात किंवा खऱ्या वाड्यात खून दाखवू नका. पेठ खरी, गल्ली खरी, वाडा कल्पनेतला, एवढं अंतर ठेवलेलं बरं.

कागदावरचं लपणं जास्त मजेचं आहे. विजेचं बिल कोणाच्या नावावर? जनगणनेला कोण आलं आणि दार कोणी उघडलं? १८९७ च्या प्लेगमध्ये सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, तेव्हा वस्ती कशी वाचली? १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तिथली भुतं कुठे गेली? मी त्यांना वेताळ पेठेत आणलं, आणि जुने रहिवासी त्यांना अजून 'पूरवाले' म्हणतात, हौदाकाठी बसू देत नाहीत. खरा इतिहास असा वस्तीच्या आतल्या भांडणात मुरवा. प्रत्येक घटनेने एक तरी पात्र दुखावलेलं असावं, नुसती माहिती म्हणून एकही नको.

एक रात्र त्या गल्ल्यांतून पायी फिरा. रात्री दोनला कुठला दिवा चालू असतो, दूधवाला किती वाजता येतो, कुत्री कुठून भुंकतात, हे टिपून आणा.

चौथी पायरी: बाहेरचा कायदा

हौदात सापडलेलं प्रेत शेजारच्या माणसाला दिसलं की पोलीस येणारच. मग कायदा नीट लिहा. १ जुलै २०२४ नंतरची गोष्ट असेल तर अकस्मात मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होईल आणि खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३ असेल. त्याआधीची असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ आणि भारतीय दंड संहितेचं ३०२. इन्क्वेस्ट पंचनामा, पंचांच्या सह्या, ससून रुग्णालयात शवविच्छेदन, व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने राखून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे, हा क्रम धरून चला. मरणोत्तर ताठरपणा आपल्या हवेत साधारण दोन-तीन तासांत पापण्या आणि जबड्यापासून दिसू लागतो आणि बाराएक तासांत अंगभर पसरतो. पहाटे मेलेला माणूस सकाळी आठला लाकडासारखा कडक सापडला तर जाणता वाचक पुस्तक मिटेल. अर्थात, वस्तीतल्या देहाला हा नियम लागू नसेल तर तोच एक धागा होऊ शकतो, पण मग डॉक्टरला तसं बुचकळ्यात पडलेलं दाखवा.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून शेवटी खुन्याने कबूल केलं आणि बेड्या पडल्या, असं करू नका. वस्तीचा न्याय वस्तीने करावा लागेल. तो कोण करणार, हे मधल्या प्रकरणांत ठरलेलं असू द्या. इथे आपल्याकडे एक मोठा आधार आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध' चा 'मा' केल्याची आख्यायिका, रात्री ऐकू येणारी हाक, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातला सगळ्यात थरारक भाग रामशास्त्री प्रभुण्यांचा वाटतो. ज्याच्या हाती सत्ता आली त्याच्याच तोंडावर त्यांनी त्याला दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. वस्तीतल्या न्यायनिवाड्याचा प्रसंग लिहिताना तो ताण डोळ्यांपुढे ठेवा: न्याय करणारा आणि दोषी यांच्यात बळ कोणाचं जास्त आहे?

पाचवी पायरी: धागा वर्णनात पेरा

मुंजा पिंपळाला बांधलेला आहे आणि पार हौदापासून लांब आहे. म्हणून बटूवर कोणी संशय घेत नाही. मग तो हौदाशी पोचला कसा?

दुसऱ्या प्रकरणात वाड्याचं वर्णन येतं. खचलेला जिना, पडलेला गिलावा, हौदाच्या भिंतीतून फुटलेलं पिंपळाचं रोप, तुटकी कडी. पाखरांच्या विष्ठेतून बी पडून जुन्या भिंतींत पिंपळ उगवतो, हे दृश्य पेठेत राहणारा रोज पाहतो आणि म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. बटू पिंपळाला बांधलेला आहे, पण पाराच्याच पिंपळाला असं नियमात कुठे म्हटलं होतं? नियम पहिल्या प्रकरणात, रोप दुसऱ्यात. दोन्ही वाचकासमोर होती.

धागा असा दुहेरी हवा. पहिल्या वाचनात पडझडीचं वर्णन, दुसऱ्या वाचनात पुरावा. यादीच्या मधोमध ठेवा, पहिला किंवा शेवटचा नको. लगेच पुढच्या वाक्यात लक्ष वेधणारं काहीतरी घडवा. आणि खरा धागा निदान तीनदा, तीन वेगळ्या रूपांत दाखवा. रोप पुन्हा येतं तेव्हा एक म्हातारी ते उपटायला निघते आणि बटू तिला मोडता घालतो. तिसऱ्यांदा ते पोलिसांच्या फोटोत कोपऱ्यात दिसतं. दगड सरकल्याची खूणही अशीच: एका बाजूची माती फिकी, आणि शेवाळ उन्हाच्या बाजूला.

दिशाभूल करणारा धागाही नियमातूनच काढा. हौदाच्या चिखलात हौदापासून दूर जाणारी पावलं सापडतात. पोलीस म्हणतात, मारून पळाला. वस्तीतले ओळखतात की ही हडळीची पावलं, म्हणजे ती हौदाकडे आली होती. दोन्ही तर्क नियमाला धरून, दोन्ही खुन्यापासून लांब. ती का आली होती याचं तिचं स्वतःचं दुःख असू द्या, नाहीतर ती पात्र न राहता नुसता अडसर होते.

तपास करणारी बाई, आणि बोलणं

तपास करणारं पात्र अर्धं आतलं, अर्धं बाहेरचं ठेवा. माझी हवालदारबाई त्याच पेठेतली, तिची आजी वस्तीत ये-जा करायची, पण तिला कोणी काही सांगितलं नाही. तिला जे कळतं ते वाचकाला त्याच क्षणी कळतं.

मराठीत तू, तुम्ही, आपण या संबोधनांतच अर्धी कुंडली असते. ते फुकट घालवू नका. हवालदारबाई पाराशी बसलेल्या पोराला हाक मारते:

"काय रे बाळा, रात्री इथेच होतास?"

मागून हडळ म्हणते, "अरेतुरे करू नका, बाई. तुमच्या खापरपणज्याच्या आधीचे आहेत ते."

"मग राखणदार यांना काय म्हणायचे?"

"ते... ते 'अरे'च म्हणायचे."

सगळी वस्ती ज्याला अहो म्हणते त्याला एकच माणूस अरे म्हणत होता. वाचकाला वाटतं माया असेल. हेतू तिथे दडलेला आहे. दहाव्याच्या घाटावर सगळे नवस बोलून थकतात, कावळा हलत नाही. शेवटी हवालदारबाई पुढे होते: "पोराची सोडमुंज मी लावीन." कावळा उतरतो. राखणदाराच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं, आणि त्या क्षणी तिला कळतं की तेच अजून कोणाच्या तरी जिवाला लागलं होतं.

इथे जपून

ओंकारेश्वराचा घाट मी निवडला तेव्हा एका गोष्टीवर बराच थांबलो. तिथून जवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर वटहुकुमाने आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. आपल्या राज्यात बाईला डाकीण ठरवून छळ होतो, गुप्तधनासाठी बळी दिल्याच्या फिर्यादी होतात. भुतांची गोष्ट लिहिणाऱ्याला हे विसरून चालणार नाही. म्हणून मी तीन पथ्यं पाळतो. खऱ्या माणसाच्या खऱ्या खुनाला अद्भुत कारण जोडत नाही. अंगात येणाऱ्या किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला भीतीचं साधन करत नाही. आणि वस्तीच्या नावाने पैसे उकळणारा बाबा गोष्टीत आला तर वस्तीलाच त्याची चीड असते. बटूला खुनी करतानाही त्याच्यावर झालेला अन्याय आधी पुरता मांडला.

शेवटची पायरी: उलगडा आणि तपासणी

उलगड्याच्या प्रकरणात एकही नवा नियम नको. खर्डा पूर्ण झाल्यावर लाल पेन घ्या आणि उलगड्यातल्या प्रत्येक विधानासमोर आधीच्या पानाचा आकडा लिहा. जिथे आकडा सापडत नाही तिथे मागे जाऊन पेरणी करा. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात अशा सात जागा निघाल्या.

मग तीन जणांना वाचायला द्या: एक रहस्यकथा कोळून प्यालेला, एक भुताखेतांच्या गोष्टींवर वाढलेला, आणि एक त्या पेठेत राहणारा. उलगड्याच्या आधीच्या पानावर थांबवा आणि कागदावर खुन्याचं नाव आणि कारण लिहून पाकिटात घालायला सांगा. तिघांनीही बरोबर ओळखलं तर धागे जाड झालेत, पातळ करा. तिघांनाही काहीच लिहिता आलं नाही तर नियम पोचलेले नाहीत, पहिल्या तीन प्रकरणांकडे जा. माझ्या वेळी पेठेतल्या काकूंनी खुनी चुकीचा लिहिला होता, पण पाकिटात खाली एक ओळ होती: "ते हौदातलं पिंपळाचं रोप कोणी काढत का नाही?"

त्या ओळीनंतर मी खर्ड्याला हात लावला नाही.